देवळाची पायरी
(शताब्दी सोहळ्यात केलेलं भाषण)

॥ जय जय रामकृष्णहरि ॥



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. त्या निमित्तानं गावातलं विठ्ठलाचं देऊळ नव्यानं बांधायचं ठरलं, त्याचा नकाशा मी पाहिला. गाभारा चांगला आहे, शिखर चांगलं आहे. मला बोलायचंय ते दाराबद्दल. देवळात शिरायचं कसं, एवढंच.

घरी पाहुणा आला म्हणजे तो एकदम चुलीपाशी जातो का? आधी अंगण, पायावर पाणी. मग ओसरीवर घोंगडी. मग उंबरा ओलांडून माजघर, आणि देवघर सगळ्यात आत. जसजसं आत जावं तसा उजेड कमी, आवाज बी कमी. डोक्यातला बाजार बाहेर राहतो. कीर्तनाचं बी तसंच. उभं राहिल्या राहिल्या कुणी निरूपण सुरू करीत नाही. आधी टाळमृदंगाचा गजर, नामाचा जयघोष, रूपाचे अभंग. तेव्हा कुठं मन जाग्यावर येतं.

आपल्या जिल्ह्यातच दोन वाटा बघा. एक देवगिरीच्या किल्ल्याची. तिथं दरवाजामागं दरवाजा आहे, पण वाट सरळ नाही, वळवत नेलेली. फळ्यांना लोखंडी अणकुचीदार खिळे, हत्तीनं धडक देऊ नये म्हणून. खंदक ओलांडला की अंधारी लागते, डोंगराच्या पोटातली काळोखी वाट. हे सगळं कशासाठी? येणारा आत पोचूच नये यासाठी.

दुसरी तिथून जवळच, वेरूळच्या कैलासाची. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, एकाच डोंगरातून वरून खाली कोरत आणलेलं ते देऊळ. तिथं बी देव एकदम दिसत नाही. आधी दुमजली प्रवेशद्वार. आत शिरलं की समोर गजलक्ष्मी, तिच्यापाशी वाट दोन्ही अंगांना फुटते. मग अंगण उघडतं, दगडाचे हत्ती, उंच स्तंभ. मग जिना चढून सोळा खांबांचा मंडप, आणि शेवटी गाभाऱ्याचा अंधार. किल्ल्याला बी वळण, अंधार. देवळाला बी वळण, अंधार. पण किल्ल्याचं वळण माणसाला चुकवायला आहे आणि देवळाचं वळण माणसाला तयार करून आत घ्यायला आहे. आपल्याला नवं दार बांधायचंय, ते यातलं कोणतं, हे आधी ठरवा.

आता पंढरीला चला. पूर्वेला महाद्वार. तिथली पहिली पायरी नामदेवरायांची. मग पुढं मंडप, सोळखांबी, गरुडखांबाला मिठी, चौखांबी आणि मग सावळं रूप. नामदेवराय देवाच्या एवढ्या जवळचे, पण त्यांनी जागा मागितली ती पायरीची. संतांच्या पायांची धूळ अंगावर पडावी म्हणून. आषाढीला ज्याला दर्शनबारीत उभं राहणं होत नाही, तो त्याच पायरीवर माथा टेकतो, कळस बघतो आणि वारी पोचली म्हणतो.

त्या पायरीसमोरच चोखोबारायांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकूस अंगावर कोसळून ते गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून तिथं समाधी केली. जिवंतपणी त्यांना आत जाता आलं नाही, आणि त्यांच्या माणसांना पुढं सहाशे वर्षं ते दार बंदच राहिलं. 1947 साली साने गुरुजी 1 मेपासून पंढरपुरात उपोषणाला बसले, आणि मग त्या वर्षी दार उघडलं. देवाला कधीच कुणी नको नव्हतं. अडवलं ते माणसांनी.

मायबाप, आता माझी चूक सांगतो. आपल्या देवळाचं जोतं उंच करायचा हट्ट पंचवीस वर्षांपूर्वी माझाच होता. देऊळ लांबून दिसलं पाहिजे, असं मीच म्हणालो. सात पायऱ्या झाल्या, एकेक नऊ इंचाची. सव्वापाच फूट. माझ्या आईचे गुडघे गेले तसं तिचं चढणं बंद झालं. शेवटची चार वर्षं ती रस्त्यावर उभी राहून कळसाला हात जोडायची. मी आत वीणा गळ्यात घालून उभा, आणि ती बाहेर. मी उचलून नेतो म्हणालो, तर म्हणाली, "बाबा, देवाम्होरं गाठोड्यावाणी कशाला नेतो मला?" याच्यावर मला आजपर्यंत उत्तर सापडलं नाही. अडवायला कुणी माणूस दारात उभा लागत नाही, नऊ इंचाची पायरी बी अडवते.

म्हणून माझं मागणं ऐका. जोतं तीन फुटांच्या वर नको. पायरी सहा इंच उंच आणि फूटभर रुंद ठेवा, बाजूला धरायला कठडा द्या. शेजारी उतार करा. एका फुटाला बारा फूट लांबी, म्हणजे तीन फुटांना छत्तीस फूट, मधे विसाव्याला सपाट जागा. दक्षिणेला तेवढी जागा मोकळी आहे. गुळगुळीत चकचकीत फरशी दारात नको. आषाढात ओल्या पायानं माणूस पडतं. टाकी मारलेला दगड घाला. पाय धुवायला नळ, टेकायला ओवरी, आणि तिथून गाभाऱ्यातला देव सरळ दिसला पाहिजे. चढणं ज्याला नाहीच झालं, त्याला तिथून तरी मुखदर्शन घडावं.

एक शेवटचं. दारावर मोठी कमान करून देणगीदारांची नावं कोरायचं चाललंय. माझं बी नाव त्यात आहे म्हणतात. ते काढा. नामदेवरायांनी लोकांच्या पायाखाली जागा मागितली, आणि आपण लोकांच्या डोक्यावर मागावी, हे बरं दिसत नाही. तो कमानीचा पैसा उताराला लावा.

जास्त बोललो असेन तर लेकरू समजून पदरात घ्या.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!