समुपदेशन केंद्रात सांगितलेले कोठे जाते?

(पंचायत समिती सदस्य, मुख्याध्यापक व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या तालुका शिबिरात एका ज्येष्ठ समुपदेशिकेने केलेले भाषण)



ग्रामीण रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाच्या टोकाला बहुधा एक लहानशी खोली असते आणि तिच्या दारावर ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’ अशी पाटी असते. तेथे एचआयव्हीची चाचणी होते. चाचणीपूर्वी आणि चाचणीनंतर समुपदेशक त्या व्यक्तीशी एकांतात बोलतो. या खोलीत येणारा मनुष्य शिकलेला असो वा निरक्षर असो, त्याचा पहिला प्रश्न रोगाविषयी क्वचितच असतो. ‘ताई, हे गावात तर कळणार नाही ना?’ असेच तो विचारतो. आज मला या प्रश्नाच्या उत्तराविषयी बोलावयाचे आहे. हे उत्तर केवळ आमच्या हाती नसून बऱ्याच अंशी आपल्याही हाती आहे, म्हणून या शिबिराचे निमंत्रण मी आनंदाने स्वीकारले.

हा प्रश्न केवळ लोकलज्जेचा आहे असे समजू नये. एचआयव्हीवरील औषधे शासनाने एप्रिल २००४ पासून विनामूल्य देण्यास आरंभ केला. ही औषधे नियमाने घेतली तर रक्तातील विषाणूंचे प्रमाण इतके खाली येते की ते चाचणीत आढळेनासे होतात, आणि ते तसे टिकून राहिले तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर मातेने ती वेळेवर सुरू केली तर बाळाला लागण होण्याचा धोका अत्यल्प राहतो. मात्र ती रोज आणि जन्मभर घ्यावी लागतात. आता असे पाहा की, ओळखीचे कोणी रांगेत पाहील या धास्तीने आपल्या जिल्ह्यातील केंद्र सोडून शेजारच्या जिल्ह्यात नाव नोंदविणारे रुग्ण आहेत. त्यांची दिवसाची मजुरी बुडते, भाड्याचे पैसे जातात, आणि पेरणीच्या वा सुगीच्या दिवसांत खेप चुकते. बाटलीवरचे लेबल खरवडून ती धान्याच्या कणगीत दडवून ठेवणाऱ्या स्त्रिया आहेत. घरात पाहुणे आले की त्या दिवसाची गोळी राहून जाते. माहिती फुटण्याची भीती अशा रीतीने थेट उपचारावर आघात करते. म्हणूनच आम्ही गोपनीयतेला औषधोपचाराचाच एक भाग मानतो.

माहिती हाती असलेल्या यंत्रणेने ती कशी वापरू नये, याचे उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्यातच घडले. डॉमिनिक डिसोझा हा तरुण स्वेच्छेने रक्तदान करीत असे. रक्ततपासणीत एचआयव्ही आढळला, आणि १९८९ साली पोलिसांनी त्याला नेऊन सार्वजनिक आरोग्याच्या कायद्याखाली एकांतवासात ठेवले. हा एकांतवास ६४ दिवसांचा होता. त्याने गुन्हा केलेला नव्हता. केले होते ते रक्तदान. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. त्या काळच्या कायद्यापुढे तिला यश आले नाही. तथापि या प्रकरणाने देशभर चर्चा सुरू झाली. डॉमिनिकने पुढे एचआयव्हीबाधितांसाठी काम उभे केले आणि १९९२ साली त्याचे निधन झाले. समुपदेशकांच्या प्रशिक्षणात ही हकीकत अवश्य सांगितली जावी असे माझे मत आहे, कारण कोणतेही नियमपुस्तक इतके स्पष्ट बोलत नाही.

कायद्याची भूमिका मध्यंतरीच्या काळात बरीच बदलली. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर असे प्रकरण आले की, रुग्णालयाकडून रुग्णाची एचआयव्हीविषयक माहिती बाहेर गेली आणि त्याचे ठरलेले लग्न मोडले. नियोजित वधूच्या जीविताच्या हक्काकडे पाहून न्यायालयाने रुग्णालयाला दोषी धरले नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी संसदेने एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा संमत केला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आहे. या कायद्याने चाचणीसाठी माहितीपूर्ण संमती आवश्यक केली आहे. न्यायालयाच्या आदेशासारखे मोजके अपवाद सोडले तर संबंधित व्यक्तीच्या लेखी संमतीवाचून तिची माहिती कोणालाही सांगता येत नाही. अशी माहिती ठेवणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने तिच्या रक्षणाची व्यवस्था केलीच पाहिजे, असेही बंधन आहे. आस्थापना या शब्दात केवळ रुग्णालय येते असा एक गैरसमज आढळतो, तो दूर झालेला बरा.

प्रत्यक्ष केंद्रात काय होते ते आता सांगते. आलेल्या व्यक्तीला एक क्रमांक दिला जातो. रक्ताच्या नळीवर नाव नसते, क्रमांक असतो; प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ त्या क्रमांकावरच काम करतो. नाव आणि क्रमांक यांचा मेळ ज्या नोंदवहीत असतो ती कुलुपात राहते आणि किल्ली समुपदेशकाकडे असते. ती टेबलावर उघडी ठेवून चहाला जाणे हा किरकोळ निष्काळजीपणा नव्हे. अहवाल ज्याचा त्यालाच, समोर बसवून दिला जातो. पती ‘बायकोचा रिपोर्ट द्या’ म्हणून आला, सासू आली, किंवा एखाद्या वजनदार गृहस्थाचा दूरध्वनी आला, तरी उत्तर एकच असते. माझ्या अनुभवाने सांगते, येणाऱ्या प्रत्येकाला सारखेच उत्तर दिले की रोष फार काळ टिकत नाही.

पाठपुराव्याची गोष्ट याहून नाजूक आहे. रुग्ण औषधाला आला नाही तर विचारपूस करावी लागते. त्यासाठी पहिल्याच भेटीत विचारून ठेवावे लागते: फोन करू का? कोणत्या वेळी? दुसऱ्या कोणी उचलला तर काय म्हणू? घरी कोणी आलेले चालेल का? कोणी म्हणते, ‘शिवणवर्गाच्या बाई बोलतात असे सांगा.’ तसे लिहून ठेवतात आणि तसेच सांगतात. क्षयरोग विभागाकडे वा प्रसूती विभागाकडे पाठविताना त्या डॉक्टरांना जेवढे कळणे आवश्यक तेवढेच कळविले जाते. येथे एक दुखणे बोलून दाखविते. कित्येक ठिकाणी केसपेपरवर लाल शाईने मोठ्या अक्षरांत शेरा लिहिण्याची सवय अद्याप गेलेली नाही. सावधगिरी म्हणून हे करतो, असे सांगितले जाते. परंतु हातमोजे आणि स्वच्छ सुई ही सावधगिरी प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत घ्यावयाची असते. लाल शाई फक्त कपडे धुणाऱ्यापासून पहारेकऱ्यापर्यंत सर्वांना बातमी देते.

तर मग समुपदेशक कधीच काही सांगत नाही काय? सांगतो, आणि कोणत्या परिस्थितीत सांगावे लागेल हे संभाषणाच्या प्रारंभीच स्पष्ट करतो. जोडीदाराला कळविण्याविषयी २०१७ च्या कायद्याने एक क्रम घालून दिला आहे. जोडीदाराला खरोखर धोका आहे असे दिसले पाहिजे. स्वतः सांगण्याविषयी त्या व्यक्तीचे समुपदेशन झालेले असले पाहिजे. ती सांगणार नाही अशी खात्री पटली पाहिजे. आणि ‘आता मला सांगावे लागेल’ अशी कल्पना तिला आधी दिली पाहिजे. एवढे होऊनही, सांगितल्याने मारहाण होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी रास्त भीती असेल तर सांगावयाचे नाही. हा अपवाद मुख्यत्वे स्त्रियांकडे पाहून केलेला आहे. गरोदरपणात सर्वांचीच तपासणी होत असल्याने अनेक घरांत पहिला अहवाल सुनेचा येतो, आणि आजार तिनेच आणला असे ठरविले जाते. अशा सुनेला माहेरी पाठविलेले ज्यांनी पाहिले आहे त्यांना या अपवादाचे मोल सांगावे लागणार नाही.

शिक्षकांनी एक भेद विशेष लक्षात ठेवावा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे; ‘मुलीने विश्वासाने सांगितले’ हे कारण तेथे चालत नाही. म्हणून मुलाला ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. ‘तुझ्या रक्षणासाठी ज्यांना सांगावे लागेल त्यांनाच सांगेन’ असे म्हणावे, कारण ते पाळता येते. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हाही माहिती देण्याची मुभा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ देतो. पण तीदेखील त्या धोक्यापुरतीच.

आतापर्यंत मी आमच्या खोलीतले सांगितले. माहिती फुटते ती मात्र पुष्कळदा खोलीच्या बाहेर, आणि बहुधा दुष्टपणाने नव्हे तर चांगल्या कामाच्या ओघात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा लाभ एड्सग्रस्तांनाही मिळतो. अर्ज तलाठ्याकडे, तेथून तहसीलला आणि समितीपुढे जातो. अशा वेळी मंजूर नावांच्या यादीत ‘कारण’ या रकान्याखाली आजाराचे नाव आले आणि ती यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली, तर कुलुपबंद नोंदवहीचा उपयोग काय? ज्या बाईने हजार प्रयत्नांनी आजार झाकून ठेवला तिला अनुदानाची किंमत अशी मोजावी लागू नये. यादीत योजनेचे नाव आणि लाभार्थ्याचे नाव पुरेसे आहे. कोणी माहितीच्या अधिकाराखाली ‘गावात किती व कोण बाधित आहेत’ असा अर्ज केला, तर व्यक्तिगत माहितीला २००५ च्या कायद्यातच अपवाद आहे हे जन माहिती अधिकाऱ्याने ध्यानात ठेवावे. ग्रामसभेत असा प्रश्न विचारला गेला, तर सरपंचांनी तो तेथेच थांबवावा.

दुसरी वाट भ्रमणध्वनीची. कामाची घाई असते, वरून माहिती मागविली जाते, आणि नोंदवहीच्या पानाचे छायाचित्र काढून व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकले जाते. त्या गटात किती जण आहेत आणि ते पान पुढे कोणाकोणाकडे गेले, याचा हिशेब मग कोणालाच देता येत नाही. वरिष्ठांना बहुतेक वेळा संख्या हवी असते, नावे नको असतात. नावे मागविणारा संदेश आला तर ‘संख्या पाठवितो’ असे उत्तर देण्याचे धाडस कनिष्ठाने करावे आणि वरिष्ठाने ते खपवून घ्यावे.

शाळांविषयी थोडेसे. अशा मुलाला प्रवेश नाकारणे वा वेगळे बसविणे कायद्याने निषिद्ध आहे. त्याचा आजार मुख्याध्यापकांना कळलाच पाहिजे असाही नियम नाही. सोबत बसल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा खेळल्याने तो पसरत नाही. पालकांनी विश्वासाने सांगितले असेल तर ते मुख्याध्यापकांपाशीच राहावे, शिक्षककक्षात जाऊ नये. औषधासाठी महिन्यातून एखादी रजा लागते, ती कारण न विचारता द्यावी. कोणाला स्वतःसाठी वा कुटुंबासाठी नाव न सांगता विचारावयाचे असेल तर १०९७ हा एड्सविषयक आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. हे दोन्ही क्रमांक शाळेच्या फलकावर असावेत.

अखेरीस एक मागणी करते. आरोग्य केंद्रांच्या इमारतींचे व दुरुस्त्यांचे प्रस्ताव आपल्या सभेपुढे येतात. समुपदेशनाची खोली बहुधा शेवटी आठवते आणि मग व्हरांड्याचा एखादा कोपरा अर्ध्या उंचीची प्लायवूडची भिंत घालून दिला जातो. ती स्वस्त पडते हे खरे. पण पलीकडच्या बाकावर बसलेल्यांना आतले प्रत्येक वाक्य ऐकू जाते. पुढचा नकाशा आला की ही भिंत छतापर्यंत आहे किंवा नाही आणि दाराला आतून कडी आहे किंवा नाही, एवढे मंजुरीपूर्वी पाहून घ्यावे.