नक्षीकाम आणि नवे यंत्र
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. घरचे आवरून ब्लाऊजवर आरीकाम करते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर, म्हणजे एआयवर, मी बोलावे असे ठरले तेव्हा मला हसूच आले. पण या यंत्रापायी मी एकदा चांगली फसले आहे, म्हणून चार शब्द सांगते.

गेल्या लग्नसराईत एका नवरीची आई मोबाईलवर चित्र घेऊन आली. पाठीवर मोर, बाह्यांवर वेल. चित्र इतके सुबक की मी नीट न पाहताच होकार दिला. ट्रेसिंग कागदाला टोचे मारले, नीळ-रॉकेलचा बोळा फिरवला आणि काम सुरू केले. दोन दिवसांनी ध्यानात आले की, डावी बाही उजवीशी जुळत नाही. देठ मध्येच तुटलेला, पान अधांतरी. काखेत मोती एवढे दाट की हात वर होईना. उसवले तर रेशमाला भोके राहिली. कापड मी भरून दिले. पण त्या माउलीचा उतरलेला चेहरा अजून आठवतो.

ते चित्र एआयने काढलेले होते, हे मागाहून कळले. मी रागावले, तर लेक म्हणाली, "आई, त्याला विचारायचे कसे ते शीक." तिने समजावले, की असंख्य चित्रे आणि त्यांची वर्णने यांवरून हे यंत्र शिकवलेले असते. त्यावरून ते नवे चित्र जुळवते. सुई-कापड त्याने कधी हाताळलेले नसते.

आता मी जेमिनीला मराठीतच सांगते. नुसते "मोराची नक्षी दे" म्हटले, तर भलतेच येते. म्हणून "ब्लाऊजची पाठ, एकच मोर, पांढऱ्यावर काळी रेघ, सावली नको, मधे मोकळी जागा" असे सांगते. चार नमुने मागते, एक निवडते. मग वही घेऊन ती नक्षी स्वतःच्या हाताने पुन्हा काढते. मापे माझ्या टेपचीच, कारण इंचाचा भरवसा त्या चित्रावर ठेवता येत नाही. एक बाही काढून तीच उलटवून दुसरी छापते. आधी चिंधीवर चार टाके घालून पाहते. आमंत्रणपत्रिका करणाऱ्या भगिनींनी अक्षरे वेगळी लिहून घालावीत; चित्रातली जोडाक्षरे कधी कधी फुटतात.

आणखी दोन गोष्टी. २०२५ साली साडीतले फोटो करून घेण्याची लाट आली होती. आपले किंवा लेकीसुनांचे फोटो असे कुठेही देऊ नयेत. त्यांचे पुढे काय होईल, ते आपल्या हाती राहत नाही.

दुसरी गोष्ट, परक्याची कला आपली म्हणून विकू नये. वारली चित्रे पूर्वी लग्नघरी सुवासिनी भिंतीवर काढीत. जिव्या सोमा मशे यांनी ती कला जगापुढे नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. यंत्र क्षणात तशी माणसे काढून देते, पण त्या चौकाचा अर्थ त्यात नसतो. तसले चित्र 'वारली' म्हणून विकणे म्हणजे त्या बायाबापड्यांच्या पोटावर पाय देणे होय.

भगिनींनो, हिंजवडी आपल्याच मुळशी तालुक्यात. संगणकाचे एवढे काम तेथे चालते आणि आपण मात्र भिऊन दूर राहावे, हे बरे नव्हे. गिऱ्हाईक चित्र घेऊन येणारच. त्यातले काय शिवता येईल आणि काय नाही, हे सांगणारी बाई आपल्यात हवी. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी शनिवारी दुपारी मंडळात यावे. मला येते तेवढे सांगेन. येताना वही, पेन्सिल आणि टेप मात्र आणावी.