चिकटून न राहिलेली माणसे

म्हैसूरच्या विजयनगर वसाहतीत मी राहतो. माझी नोकरी सरकारी. महिनाअखेर पगार हाती येतो, आणि धंदा म्हणजे काय हे मला फाइलींतून जेवढे कळते तेवढेच. तेव्हा या विषयावर मी बोलणे हे धाडसच होय. परंतु गेल्या महिन्यात माझा भाचा बेळगावहून आला आणि विषयच माझ्या ओसरीवर येऊन बसला. आठ वर्षांत त्याने पाणी शुद्ध करण्याची यंत्रे दारोदार विकली, वह्यापेन्सिलींचे दुकान काढले व मोडले, मग उदबत्त्यांची एजन्सी घेतली, तीही सुटली. आता त्याला पिठाची गिरणी घालायची आहे आणि बँकेच्या कर्जाला जामीन म्हणून माझी सही हवी आहे. त्याच्या आईचा फोन आधीच आला होता. "दादा, सही करू नकोस. त्याला कुठेतरी चिकटवून दे."

चिकटणे हा आपल्या मध्यमवर्गाचा मोठा लाडका शब्द. मला मात्र त्या रात्री याच बेळगावचे लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवत राहिले. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईला गेले, तो रंगांधळेपणा आड आला. मग यंत्रांची रेखाचित्रे शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडली. 1888 पासून बेळगावात बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींचे दुकान चालू होते. सायकल विकायची, ती दुरुस्त करायची आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे! पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले, आणि मग लोखंडी नांगर.

हा नांगर दोन वर्षे कोणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तिला अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. पण लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर नीट करून देई. लोखंडी मोडला तर बेळगाव गाठायचे काय? ज्याचे सारे घर एका पेरणीवर उभे आहे, त्याने शंका घेतली तर ती रास्तच म्हटली पाहिजे. मला वाटते, गिऱ्हाइकाला यंत्र घेऊन दिल्यावरही त्याच्या बाजूला उभे राहावे लागते, हे सायकलच्या दुकानात शिकलेला माणूसच असली दोन वर्षे काढू शकतो. पुढे 1920 मध्ये त्यांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' काढले. कारखान्याचे पत्रक म्हणून जन्मलेले ते मासिक घरोघर वाचले जाऊ लागले.

अर्थात दुकाने बदलणारा प्रत्येक जण लक्ष्मणराव होत नाही, हे बहिणीने सांगण्याची गरज नाही. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडलजवळ माळरान दिले, म्हणून 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. असा पाठीराखा किती जणांना लाभतो?

म्हणून मी भाच्याला एकच विचारले, मागची दुकाने का बुडाली? त्याने वही उघडली. वह्यांच्या दुकानाविषयी लिहिले होते की जूनमधली विक्री पाहून बारा महिन्यांचे भाडे ठरवले. उदबत्तीविषयी असे की माल रोखीने उचलायचा आणि दुकानदारांकडून पैसे दीड-दोन महिन्यांनी यायचे; विक्री वाढली तसतशी तंगीही वाढली. गिरणीत, तो म्हणाला, "मामा, दळणाचा डबा नेताना लोक पैसे देऊनच जातात." भाड्याचा आकडा मी दोनदा तपासला. विजेच्या बिलाचा त्याने कमीच धरला होता. तो वाढवायला लावला, आणि त्याने मुकाट्याने वाढवला.

मग मी सही केली. बहिणीला अजून सांगितलेले नाही. ती रेडिओ लावून बसली असेल, तर तिला आता कळलेच.