तीर्थनचा परका मासा



"सॉफ्टवेअरवर बोललीस तर लोक जेवायला उठून जातील," असं संयोजकांनी फोनवर बजावलं होतं. म्हणून आज माशांवर बोलते.

गेली सहा वर्षं ऑक्टोबरात चार दिवस रजा काढून मी हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट धरायला जाते. मंडीहून कुल्लूकडे जाताना औटच्या बोगद्याआधी बंजारचा फाटा फुटतो. पुढे गुशैणीला फलाचन येऊन तीर्थनला मिळते. वरच्या अंगाला ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान, 2014पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात. काठाला देवदार, पात्रात खोलीएवढे धोंडे. ऑक्टोबरात पाणी इतकं निवळलेलं असतं की तळातला गोटा न गोटा दिसतो. अडचण एवढीच, की आपल्याला मासा दिसतो तसे त्यालाही आपण दिसतो.

ब्राउन ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून राहतो, कारण खाणं वरून वाहत येतं. पण भर धारेत सतत पोहणं त्याला परवडत नाही. धोंड्याआड पाणी मंदावतं तिथे तो दबा धरतो आणि शेजारच्या धारेतून किडा आला की झडप घालतो. म्हणून आपण खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून जायचं, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. गळाला गांडूळ नाही, तर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. ती धोंड्याच्या वर टाकायची आणि पाण्याच्याच वेगाने खाली येऊ द्यायची. दोरीने जराशी ओढली तरी मासा ओळखतो. चार दिवसांत दोन मासे लागले तर मी खूश असते. (ऑफिसात असा निकाल दिला असता तर कधीच घरी बसवलं असतं.)

माझ्या गळाला उलटा काटा नसतो. मासा लागला की आधी हात ओले करायचे. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो थर म्हणजे त्याचं चिलखत. तांबडे ठिपके, त्यांभोवती फिकट कडं. तोंड प्रवाहाकडे करून धरायचा, दम परत आला की तो आपणहून निसटतो.

आता खरी गंमत. हा मासा तिथला नाहीच. 1900च्या सुमारास इंग्रजांनी स्कॉटलंडहून त्याची अंडी काश्मीरला आणली आणि काही वर्षांत तो कुल्लूत पोचला. त्याला थंड पाणी लागतं, 20 अंशांच्या वर कासावीस होतो. ते त्याला तिथे आयतं मिळालं. तिथला मूळचा मासा अस्ला, आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला. ट्राउट मोठा झाला की लहान मासेही खातो. त्यामुळे या पाहुण्याचं सगळ्यांनाच कौतुक नाही, आणि ते बरोबरच आहे.

पण तीर्थनच्या खोऱ्यात छोटे जलविद्युत प्रकल्प यायचे होते, तेव्हा तिथले लोक विरोधात उभे राहिले. माजी आमदार दिलेराम शबाब त्यांत पुढे होते. प्रकरण कोर्टात गेलं, प्रकल्प रद्द झाले. नदी वाहती राहावी यासाठी जी कारणं मांडली गेली, त्यांत ट्राउटही होता. परक्या माशाने नदीची बाजू लढवली! बरं म्हणायचं की वाईट, याची बेरीज-वजाबाकी मला अजून जमलेली नाही.

एक गोष्ट मात्र नि:शंक आवडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण थंडीत तो गोट्यांमध्ये अंडी घालतो. आणि आपण? शाळेमागच्या नदीला पहिला लोंढा आला की दप्तरं टाकून चढणीचे मासे धरायला कोण कोण धावायचं, नावं घेत नाही, पुढच्या रांगेत बसलेत. चढणीचा मासा अंडी घालायलाच वर येतो. त्याच्या पोटातली गाबोळी आपण चवीने खाल्ली. समुद्रात पावसाळी बंदी पाळणारं आपलं गाव नदीला ती सवलत देत नाही.

चढणीचे पहिले पंधरा दिवस तरी नदी मोकळी सोडता येईल का? मी पुण्यात बसून ठरवणं बरं नाही. ज्यांची घरं अजून नदीकाठी आहेत, ज्यांच्या ताटात तो मासा येतो, त्यांनी सांगावं. सरपंच झालेला आपल्या वर्गातला एक जण इथेच आहे. जेवताना मी त्याच्याच पंगतीला बसणार आहे, बाकीच्यांनीही यावं.