केवलादेवचे पाणी



दिल्लीहून पहाटे निघालेली सहल सकाळीच भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानापाशी पोहोचते आणि रात्री घरी परतू शकते. आत मोटारीने हिंडता येत नाही, सायकलरिक्षा करावी. रिक्षावाले पक्ष्यांचे उत्तम जाणकार असतात. मुलांची दुर्बीण नीट रोखली जाण्याआधीच ते बाभळीच्या ढोलीत निजलेले घुबड दाखवतात.

हिवाळ्यात दाट धुके असते. ते विरू लागले की बाभळींच्या शेंड्यांवर चित्रबलाकांची पिले दिसतात. पाणकावळा पंख पसरून वाळवीत बसलेला असतो. उथळ पाण्यात चमचा पक्षी चोच डावीउजवीकडे फिरवीत चाललेला असतो. सारसांची जोडी एका सुरात ओरडते, तेव्हा बडबडी मुलेही क्षणभर गप्प होतात. ऊन चढल्यावर साळिंदरांच्या जुन्या बिळांतून अजगर बाहेर येऊन पडतात. अजगर पाहण्यासाठी मुले जेवण विसरतात, हा अनुभव शिक्षकांना नवा नसावा.

मात्र पक्षी मोजण्याच्या घाईत पायाखालचा बांध नजरेतून सुटतो. केवलादेवची पाणथळ निसर्गदत्त नव्हे. अठराव्या शतकात राजा सूरजमलने अजान बांध घातला. पानिपतानंतर होरपळून परतणाऱ्या मराठ्यांना आसरा देणारा तो हाच सूरजमल. पुढे संस्थानिकांनी इथे बांध आणि पाण्याची दारे वाढवली, ती बदकांच्या शिकारीसाठी. व्हाइसरॉय लिनलिथगोच्या 1938 मधील शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी पडले. हा आकडा मंदिराजवळच्या शिलालेखावर कोरलेला आहे. मुलांना तो अवश्य वाचू द्यावा.

अवघे एकोणतीस चौरस किलोमीटरांचे हे क्षेत्र 1985 मध्ये जागतिक वारसा ठरले. त्याआधी, 1982 मध्ये, येथे चराईबंदी झाली. पिढ्यान्‌पिढ्या म्हशी चारणाऱ्या गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांचा गोळीबार झाला आणि काहींचे प्राण गेले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून आढळले, की म्हशी गेल्यावर पाण्यातले गवत माजले आणि पाणपक्ष्यांची मोकळी जागा आक्रसली. ज्यांना पाणथळीचे शत्रू मानले, त्या म्हशीच तिची निगा राखीत होत्या. हे ज्ञान फार महागात मिळाले.

सायबेरियन क्रौंच मात्र अखेरचा 2002 च्या सुमारास इथे दिसला. त्याचे येणे थांबण्यामागे दूरच्या मार्गावरची शिकारही होती. तो दोष एकट्या भरतपूरचा नव्हे.

पाण्याचा प्रश्न मात्र इथलाच आहे. गंभीर नदीवर करौलीत पांचना धरण झाले. तिथल्या शेतकऱ्याला आपल्या शेतासाठी पाणी हवे, इकडे पक्ष्यांना हवे. 2004 मध्ये हा वाद पेटला आणि त्यानंतर काही वर्षे उद्यान जवळजवळ कोरडे राहिले. करौलीच्या शेतकऱ्याला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. आता गोवर्धन नाल्याचे आणि चंबळेचे पाणी आणून तूट भरून काढण्याचा प्रयत्न होतो.

म्हणून सहलीत दुपारचा अर्धा तास पाण्याच्या दारांपाशी काढावा. हे दार उघडायचे की नाही हे कोण ठरवते, असे मुले विचारतीलच. उत्तर रिक्षावाल्याकडून ऐकावे. त्याचे पोट त्याच पाण्यावर चालते.