कमी निकोटिनची सिगारेट आणि तरुण पिढी

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तंबाखूच्या व्यसनाची फळे उतारवयात भोगावी लागतात. परंतु त्याचे बी पेरले जाते ते कोवळ्या वयात. अमेरिकेच्या सर्जन जनरलने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे नमूद आहे की, त्या देशात रोज धूम्रपान करणाऱ्या प्रौढांपैकी सुमारे ८८ टक्के लोकांनी पहिली सिगारेट वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत, तर ९९ टक्के लोकांनी २६ व्या वर्षापर्यंत ओढलेली होती. पंचविशी निर्व्यसनी गेली, तर पुढे हे व्यसन क्वचितच जडते, असा याचा अर्थ. म्हणूनच शास्त्रज्ञांपुढे एक प्रश्न उभा राहिला: कुतूहलाने ओढलेली सिगारेट तरुणाला आपल्या अंकित करूच शकणार नाही, इतकी तिची शक्ती कमी करता येईल काय?

ही शक्ती म्हणजे निकोटिन. धूम्रपानाची तल्लफ निर्माण होते ती त्याच्यामुळे. साधारण सिगारेटमधील तंबाखूत १० ते १५ मिलिग्रॅम निकोटिन असते आणि त्यातील सुमारे १ मिलिग्रॅम ओढणाऱ्याच्या रक्तात उतरते. नील बेनोविट्झ व जॅक हेनिंगफील्ड या संशोधकांनी १९९४ साली असा विचार मांडला की, एका सिगारेटमधील निकोटिन अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास आणले, तर नवशिक्यांना व्यसन जडणे बहुतांशी टळेल.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. पूर्वी बाजारात ‘लाइट’ किंवा ‘माइल्ड’ या नावांनी सिगारेटी विकल्या जात. त्यांच्या तंबाखूतील निकोटिन फारसे कमी नसे. फिल्टरला बारीक छिद्रे पाडून धुरात हवा मिसळली जाई, त्यामुळे यंत्रावर मोजलेले आकडे तेवढे कमी भरत. माणूस मात्र यंत्र नव्हे. ओढणाऱ्याची बोटे व ओठ ती छिद्रे झाकत, झुरके खोल जात आणि शरीर आपला वाटा वसूल करून घेई. अमेरिकेने २०१० पासून अशा नावांवर बंदी घातली. संशोधनासाठी वापरलेली अत्यल्प निकोटिनची सिगारेट याहून निराळी आहे. तिच्या तंबाखूतूनच निकोटिन जवळजवळ नाहीसे केलेले असते. कितीही जोराने ओढले, तरी जे मुळात नाही ते मिळणार कोठून?

या सिगारेटीची एक महत्त्वाची चाचणी एरिक डॉनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत घेतली व २०१५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. धूम्रपान करणाऱ्या ८४० व्यक्तींना सात गटांत विभागून सहा आठवडे सिगारेटी देण्यात आल्या. एक ग्रॅम तंबाखूत १५.८ मिलिग्रॅम निकोटिन असलेल्या गटाचे अखेरीस रोजचे प्रमाण सुमारे २१ सिगारेटी होते, ०.४ मिलिग्रॅमच्या गटाचे ते सुमारे १५ वर आले. डॉरोथी हॅट्सुकामी यांच्या २०१८ च्या चाचणीत १,२५० जणांचा सहभाग होता. निकोटिन हळूहळू कमी करण्यापेक्षा एकदम कमी केले, तर शरीरात जाणारी विषारी द्रव्ये अधिक घटतात, असे तीत आढळले. मात्र अशा गटात बेचैनी अधिक होती आणि चाचणी अर्धवट सोडणारेही अधिक होते. अशा चाचण्यांतील अनेक जण गुपचूप नेहमीची सिगारेट ओढत असल्याचेही तपासण्यांतून उघड झाले.

तरुणांच्या दृष्टीने पुढील निष्कर्ष विशेष मोलाचा आहे. २०१५ च्या चाचणीतील माहितीची वयानुसार फेरतपासणी केली असता, १८ ते २४ वयोगटातील सहभागींना अत्यल्प निकोटिनच्या सिगारेटीपासून मोठ्या वयाच्या सहभागींपेक्षा कमी समाधान मिळत असल्याचे दिसले. सवय जितकी कोवळी, तितकी ती सैल होण्याची आशा अधिक, असे यावरून म्हणता येईल.

या संशोधनाच्या आधारे न्यूझीलंडने डिसेंबर २०२२ मध्ये निकोटिनवर कडक मर्यादा घालणारा कायदा केला; परंतु ती मर्यादा अमलात येण्यापूर्वीच २०२४ साली ही तरतूद रद्द झाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये ग्रॅममागे ०.७ मिलिग्रॅम या मर्यादेचा प्रस्ताव मांडला. तो अमलात आल्यास इ. स. २१०० पर्यंत सुमारे ४ कोटी ८० लाख तरुण धूम्रपानापासून दूर राहतील, असा त्या प्रशासनाचा अंदाज आहे.

तथापि ‘कमी निकोटिन’ म्हणजे ‘कमी अपाय’ नव्हे. अनेकांचा तसा समज असल्याचे पाहण्यांतून दिसून आले आहे. निकोटिन माणसाला बांधून ठेवते. परंतु कर्करोग, हृदयविकार व श्वसनाचे रोग होतात ते मुख्यतः धुरामुळे. त्या धुरात कर्करोगास कारणीभूत होणारी सुमारे ७० द्रव्ये असतात. अत्यल्प निकोटिनची सिगारेटही जळते आणि तिचा धूरही तोच असतो. तिचा उपयोग ती ओढत राहण्यात नसून सुटण्यात आहे.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे, तर २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते. त्यांत धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के होते. म्हणजे आपल्या गावांत निकोटिन मुख्यतः पुडीतून येते. सिगारेटीवरील प्रयोग जसाच्या तसा येथे लागू पडणार नाही. मात्र त्याचे सार लागू पडते. पहिल्या काही वर्षांतच व्यसनाला अटकाव केला पाहिजे आणि त्यासाठीचे साधन आपल्या हाती आहे. २००३ च्या केंद्रीय कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकणे, तसेच शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्री करणे हा गुन्हा आहे. शाळेजवळच्या टपरीवर या कायद्याचा अंमल होतो की नाही, हे मुख्याध्यापक व पंचायत सदस्य यांनी स्वतः पाहावे. ज्यांना सवय जडली आहे, त्यांना दटावण्याऐवजी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवेची माहिती द्यावी. प्रयोगशाळेतील सिगारेट बाजारात येईल तेव्हा येवो. गावातील मुलाच्या हाती पहिली पुडी पडू न देण्याचे काम आजच करता येण्याजोगे आहे.