उबेचा हिशेब

श्रोतेहो, काशीचे नाव घेताच आपणांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे घाट आणि गंगा येतात. थंडी येत नाही. परंतु पौष महिन्यात ज्यांनी तेथे चार रात्री काढल्या आहेत, त्यांस प्रथम थंडीच आठवते. नागपूरकर भोसल्यांच्या घाटाकडून पंचगंगेकडे निघाले की वाटेत रामघाट लागतो. सांगवेद विद्यालय येथलेच. या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. माझ्या मावशीचे घर तेथेच आहे आणि आज मी बोलणार आहे ते त्या घरातील उबेविषयी.

जानेवारीत तेथे रात्रीचा पारा आठ-दहा अंशांवर उतरतो. शीतलहर आली तर त्याहूनही खाली. घाटावरील घरे पूर्वाभिमुख. सकाळचे ऊन सरळ दारात येते. हे फुकटचे तापविणे खरे, पण धुके पडले की तेही नाही. भिंती जाड दगडी. त्या उन्हाळ्यात उपकारक आणि हिवाळ्यात वैरी, कारण एकदा गार झालेला दगड सहजी तापत नाही. घराच्या मध्यभागी चौक आणि त्यावर, माकडे आत उतरू नयेत म्हणून, लोखंडी जाळी. ही जाळी माकडांना अडविते, उबेला नाही. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, जाळीतून निसटते, आणि तिच्या जागी जिन्यातून व दारांच्या फटींतून गार हवा आत ओढली जाते. चौक म्हणजे घराचे धुराडेच म्हणावयाचे.

तेव्हा ऊब वाढविण्यापूर्वी ती कोठून जाते हे पाहावे. त्यास यंत्र लागत नाही. एक उदबत्ती पुरते. पेटलेली उदबत्ती दार-खिडक्यांच्या कडेने सावकाश फिरवावी. धुराची रेघ सरळ राहिली तर ठीक. ती वाकली, थरथरली की तेथे फट आहे. मावशीच्या माजघराच्या एका दाराखाली तर धूर आडवाच धावला. जुन्या गोधडीची वळकटी त्या दाराशी लावली, फरशीवर सतरंजी अंथरली, आणि त्या रात्री खोलीत बसवू लागले. खर्च काहीच नाही.

न्हाणीघरात तांब्याचा बंब आहे. महाराष्ट्रातून गेलेल्या माणसांनी नेलेला असावा. त्याची परीक्षा घेण्याची माझी फार दिवसांची इच्छा होती. वीस लिटर पाणी पंधरा अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर न्यावयाचे तर सहाशे किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो वाळलेल्या लाकडात सुमारे ३,५०० ते ४,००० किलोकॅलरी असतात. म्हणजे एवढ्या पाण्यास किलोभर लाकूड जळले, तर सहावा हिस्साच पाण्यात गेला आणि बाकीचे आकाश तापविण्यात खर्च झाले. आम्ही ढलप्या ताजव्यात तोलल्या, पाणी मोजले, तापमापक बुडविला. एक किलोच लागले! मग मधली नळी घासली तेव्हा काजळीचा जाड थर निघाला. काजळी उष्णतेला पाण्यापर्यंत पोहोचू देत नाही. जाळीखालची राख काढली, म्हणजे हवा खेळू लागली. लाकूड ओलसर होते, ते आठवडाभर उन्हात टाकले. ओल्या लाकडाची बरीचशी उष्णता त्यातले पाणी वाफाळण्यातच जाते. पुढच्या खेपेस अर्ध्या किलोपेक्षा थोडे अधिक लागले. काळा धूर येणे हे जळण वाया जात असल्याचे चिन्ह, हे तर कोणीही डोळ्यांनी पाहू शकतो. जेथे जड पाण्याचा पांढरा थर आतून बसतो, तेथे तोही खरवडावा लागतो. विजेचा गीझर वापरणाऱ्यांसही हे लागू आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. त्या भागात 'बोरसी' म्हणून मातीचे रुंद तोंडाचे भांडे असते. त्यात भुसा आणि गोवरीचे तुकडे धुमसत ठेवतात. चौकात, तिच्याभोवती बसून गप्पा मारण्यासारखे सुख नाही. काही वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, आम्ही फटी बुजविल्यानंतर तिसऱ्या दिवशी, मावशीने ती रात्री खोलीत आणविली. "धूर संपलाय रे आता, निखारे आहेत नुसते," ती म्हणाली. मलाही ते पटले. पहाटे उठलो तो डोके ठणकत होते, आणि मावशीला उठवितानाच वेळ लागला. दार उघडले, तिला गच्चीवर नेले, तेव्हा ती सावरली.

धूर नाही म्हणून विष नाही, हा समजच घातक आहे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जडतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते. आणि झोपलेल्या माणसास हे काहीच कळत नाही. फटी बुजविण्याची माझी हुशारी त्या रात्री आमच्याच जिवावर बेतली असती. जेथे काही जळते, तेथे फट ठेवलीच पाहिजे. तिच्यातून जाणारी ऊब वाया गेली असे मानू नये. पुण्या-मुंबईच्या लहान न्हाणीघरांत लावलेल्या गॅस-गीझरांसही हाच नियम.

मग रात्री करावयाचे काय? एक हजार वॅटचा हीटर तासाला एक युनिट खातो. सहा तास लावला तर सहा युनिट. तो कोणत्याही कंपनीचा असो, विजेची उष्णता तो सारखीच करतो; महाग हीटर अधिक उष्णता देतो ही दुकानदाराची भाषा. उलट रबरी पिशवीतले दोन लिटर पाणी वीस अंशांवरून सत्तर अंशांवर न्यावयास एक अष्टमांश युनिटही लागत नाही. पिशवी फडक्यात गुंडाळून रजईत पायांशी ठेवावी. संपूर्ण दगडी खोली तापविण्यापेक्षा त्यातला माणूस तापविणे स्वस्त पडते.

मावशीची बोरसी आता चौकातच असते, जाळीखाली, उघड्या आभाळाला. झोपण्याच्या वेळी ती तिच्यावर राख ओढते आणि पिशवी भरावयास न्हाणीघरात जाते. पिशवीला रबराचा वास येतो, ही तिची तक्रार मात्र अजून आहे.